विश्लेषण : ‘टीम कितीची लावायची भो?’ शिंदखेड्यातून ऑनलाइन ‘फँटसी’ खेळासाठी खेळाडू कसे जमवायचे?

‘ऑनलाइन फँटसी गेमसाठी चार जण हवेत. रविवारी रात्री ९ वाजता. कोण येणार?’ शिंदखेड्यातल्या शाळेच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा निरोप पडला आणि दोन मिनिटांत पहिले उत्तर आले, ‘टीम कितीची लावायची भो?’ दुसऱ्याने विचारले, ‘ते तर सरकारनं बंद केलं ना?’ तिसरा काहीच न बोलता ग्रुप सोडून गेला. त्याच्या धाकट्या भावाने ऑनलाइन रमीत पैसे घालवले होते आणि त्या घरात ‘गेम’ हा शब्द काढायचीही सोय उरली नव्हती, हे नंतर कळले.

हा निरोप प्रस्तुत लेखकानेच टाकला होता. त्यात रुपयाचाही संबंध नव्हता. हवे होते ते ‘टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम’साठी खेळाडू, म्हणजे चार-पाच जणांनी मिळून तोंडी गोष्ट रचत खेळायच्या खेळासाठी. जगात हा खेळ पन्नास वर्षांपासून खेळला जातो. पुण्या-मुंबईतल्या बोर्ड गेम कॅफेंमध्ये त्याचे टेबल लागते. गेल्या काही वर्षांत तो मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन आल्याने तालुक्याच्या गावातूनही खेळता येतो. अडचण नियमांची नाही, पैशांचीही फारशी नाही. अडचण येते ती माणसे जमवताना. ती का येते आणि निरोप कसा लिहिला म्हणजे माणसे येतात?

हा खेळ नेमका असतो तरी काय?

एक जण सूत्रधार होतो. इंग्रजीत त्याला ‘डंजन मास्टर’ किंवा ‘गेम मास्टर’ म्हणतात. बाकीचे तीन ते पाच जण एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात. यश येईल की नाही याची शंका असेल तेथे फासा टाकला जातो. स्क्रीनवर पळणारी चित्रे नाहीत, बटणे नाहीत. वहीगायनातली किंवा तमाशाच्या बतावणीतली सोंगे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातला अर्धा भाग ओळखीचा वाटेल. समोरच्याने टाकलेले वाक्य उचलायचे आणि पुढे न्यायचे. फरक इतकाच, की येथे प्रेक्षक नसतात आणि पुढे काय होणार हे सूत्रधारालाही पूर्ण ठाऊक नसते.

उदाहरणाने लवकर कळेल. आमच्या डावातला हा एक तुकडा.

सूत्रधार : दत्तजयंती. सारंगखेड्याची यात्रा. रात्र बरीच झालीय. तापीकाठी घोड्यांची रांग आहे. शेवटचा काळा घोडा वाळूत पाय आपटतोय, पण खुरांचा ठसा उमटत नाही. विकणारा म्हणतो, ‘उजाडायच्या आत सौदा करा.’ आते काय करशी?

सोंगाड्या : मी त्या माणसाला बोलण्यात गुंतवतो. माझ्याकडं लई पैसा आहे असं भासवतो.

शिपाईण : तोवर मी मागून जाऊन लगामावर काही खूण आहे का बघते.

सूत्रधार : सोंगाड्या, फासा टाक. १५ किंवा जास्त पाहिजे.

‘आते काय करशी?’ म्हणजे अहिराणीत ‘आता काय करशील?’ सगळा खेळ या एका प्रश्नावर चालतो. सोंगाड्या आणि शिपाईण ही पात्रे आहेत. एक यात्रेत फिरणारा बोलघेवडा कलावंत, दुसरी थाळनेरच्या किल्ल्यावरून पळून आलेली. त्यांना खेळवणारे दोघे त्या वेळी अनुक्रमे सुरतेत आणि पुण्यात आपापल्या खोल्यांत कानात हेडफोन घालून बसले होते.

फासा २० बाजूंचा असतो. प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता ५ टक्के. नुसता फासा टाकून १५ किंवा जास्त आणायचे तर २० पैकी ६ आकडे कामाचे, म्हणजे ३० टक्के. सोंगाड्या बोलण्यात पटाईत, म्हणून त्याच्या आकड्यात ३ मिळवायचे. मग १२ पडले तरी पुरते आणि शक्यता ४५ टक्के होते. कुणी त्याला मदत केली तर तो दोन फासे टाकतो आणि मोठा आकडा धरतो. मग तीच शक्यता जवळपास ७० टक्क्यांवर जाते. पात्राचे बळ, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप या सहा गुणांना असे आकडे दिलेले असतात. नव्या खेळाडूला पहिल्या दिवशी एवढेच पुरते. बाकी नियम सूत्रधाराने सांभाळायचे.

या प्रकारातला पहिला आणि आजही सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये काढला. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची होती. १९९७ मध्ये तो ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’कडे आणि १९९९ मध्ये त्या कंपनीसह ‘हॅस्ब्रो’कडे गेला. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही २०१६ पासूनची मालिका पाहिलेल्यांना तळघरात फासे टाकणारी ती चार मुले आठवतील. तोच हा खेळ.

मग ‘फँटसी’ म्हटल्यावर पैशांचा विषय का निघतो?

कारण आपल्याकडे हा शब्द आधी क्रिकेटने घेतला. ‘फँटसी स्पोर्ट्स’ म्हणजे खऱ्या सामन्यातले ११ खेळाडू निवडून पैसे लावायचे आणि गुणांवर बक्षीस मिळवायचे, हा अर्थ जाहिरातींनी घरोघरी पोहोचवला. ‘ड्रीम११’ हे नाव तर ऑगस्ट २०२५ पर्यंत भारतीय संघाच्या जर्सीवरच होते. साहित्यात ‘फँटसी’ म्हणजे अद्भुत, राक्षस-जादू-तलवारींची गोष्ट. विक्रम-वेताळ, हातिमताई त्याच घराण्यातले. पण शिंदखेड्याच्या बसस्टँडवर ‘ऑनलाइन फँटसी’ म्हणा, वेताळ कुणाच्या डोक्यात येणार नाही.

त्यात खान्देशात ‘डाव’ या शब्दालाही पैशांचा वास आहेच. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात आणि गडी माणसे झाडाखाली पत्ते मांडतात. त्या दिवशी चार पैसे लावले तरी एरवी रागावणारे वडीलधारेही कानाडोळा करतात. पण आखाजी वर्षातून एकदा येते. मोबाइलवरची रमी रोज, चोवीस तास आली, तेव्हा लोकांनी त्यात किती गमावले हे प्रत्येक गावाने आपापल्या परीने पाहिले आहे. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेतल्या मोबाइल-रमीच्या व्हिडिओवरून जो गदारोळ उठला, त्यामागेही हीच चीड होती. तेव्हा ‘गेमसाठी माणसे हवीत’ या वाक्याकडे लोक संशयाने पाहतात, यात त्यांची चूक नाही. चूक माझ्या निरोपाची होती.

नव्या कायद्यात हा खेळ कुठे बसतो?

‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन’ विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात ऑनलाइन खेळांचे तीन कप्पे केले आहेत. ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सोशल गेम आणि ऑनलाइन मनी गेम. बंदी आहे ती तिसऱ्यावर. पैसे किंवा पैशांसारखे काही लावून त्या बदल्यात जिंकण्याची अपेक्षा असेल, तर तो मनी गेम. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा जुना वाद कायद्याने येथे निकालीच काढला आहे. दोन्ही असले तरी पैज असेल तर बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नुसते खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

आपला खेळ दुसऱ्या कप्प्यात बसतो. करमणुकीसाठी किंवा कौशल्यवाढीसाठी असलेला, ज्यात पैज नाही, असा खेळ म्हणजे सोशल गेम. यात एक बारीक पण महत्त्वाची ओळ आहे. अशा खेळासाठी वर्गणी किंवा एकदाच भरायचे प्रवेशशुल्क घेता येते, मात्र ते पैज म्हणून असता कामा नये. हे कळणे गरजेचे आहे, कारण या खेळात पैसे घेऊन डाव चालवणारे सूत्रधारही असतात. ‘स्टार्टप्लेइंग’सारख्या संकेतस्थळावर एका बैठकीचे साधारण १० ते २० डॉलर आकारले जातात. नाटकाचे तिकीट काढावे तसे हे पैसे असतात. ते परत जिंकायचे नसतात. पण गावात डाव सुरू करणाऱ्याने ‘विजेत्याला ५०० रुपये’ अशी गंमत म्हणूनही भर घालू नये. या खेळात मुळात विजेता नसतो आणि पैसे जमा करून बक्षीस ठेवले, की आपण सरळ बंदीच्या कप्प्याकडे चालू लागतो.

एवढ्या मोठ्या तालुक्यात चार खेळाडू मिळत नाहीत का?

मिळतील, पण एका वेळी एका जागी नाही. बारावीनंतर आमच्या वर्गातले निम्म्याहून अधिक जण गावाबाहेर पडले. कुणी धुळे-शिरपूरला इंजिनीअरिंग करून पुढे पुण्याला, कुणी नाशिकला. सुरतेला तर शिंदखेडा स्टेशनवरून थेट गाडी. उधना-लिंबायतकडे खान्देशी कुटुंबांच्या वस्त्याच आहेत. गावात उरलेल्यांना शेती, दुकान, नारडाण्याच्या एमआयडीसीतली पाळी. टेबलाभोवती बसायचे म्हटले तर दिवाळी आणि लग्नसराई सोडून मुहूर्त नाही. ऑनलाइन डावाचा खरा फायदा अशा गावांना आहे, कारण पांगलेली माणसे दर आठवड्याला अडीच तास एकत्र बसू शकतात.

अनोळखी लोकांच्या डावात सामील होण्याचा मार्गही आहे. खेळाडू शोधणाऱ्यांसाठी डिस्कॉर्ड आणि रेडिटवर मोठ्या जागा आहेत. पण तेथे बहुतेक डाव अमेरिका किंवा युरोपच्या वेळेने लागतात. न्यूयॉर्कची शनिवारची रात्री ८ ची बैठक म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे ५.३०, त्यांच्या हिवाळ्यात ६.३०. लंडनची संध्याकाळी ७ ची बैठक आपल्याकडे रात्री ११.३० किंवा १२.३० ला सुरू होते. शिवाय चार तास इंग्रजीतून नुसते बोलायचे नाही, तर विनोद करायचा, घाबरायचे, घासाघीस करायची. इंग्रजीतून मुलाखत देता येणाऱ्यालाही ते जड जाते. मी वर्षभर अशा एका डावात होतो. माझे पात्र फार कमी बोलायचे. सूत्रधाराला ते गूढ वाटायचे. खरे तर मला शब्द सुचायचे नाहीत.

निरोपात नेमके काय लिहावे?

पहिला निरोप फसल्यावर दुसरा असा गेला :

‘रविवारी रात्री ९ ते ११.३०, फोनवरून बोलत खेळायचा गोष्टीचा खेळ. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे त्यातली माणसं होणार. पैसे नाहीत, पैज नाही, बक्षीस नाही, कुठलंही ॲप विकत घ्यायचं नाही. आधी कधी खेळला नसाल तर उत्तम. भाषा अहिराणी-मराठी, जशी येईल तशी. कॅमेरा लागत नाही. एकच बैठक, आवडली तर पुढची. गोष्ट : सारंगखेड्याच्या यात्रेत एक घोडा विकायला आलाय, त्याचे ठसे उमटत नाहीत. पाच जागा. १८ च्या वरचे. नाही जमलं तर शनिवारी रात्रीपर्यंत सांगा.’

यात ‘फँटसी’ नाही, ‘गेम’ नाही, ‘डंजन्स’ही नाही. पैसे नाहीत हे दुसऱ्याच ओळीनंतर आले. गोष्टीचे एक टोक मात्र दिले. उत्तरे आली ती त्या घोड्यामुळे. ‘मग कसा चालतो तो?’ असे विचारणारा खेळाडू होणार, हे धरून चालावे. खेळाची ओळख नियमांनी करून द्यायला गेलो तर लोक दुसऱ्या परिच्छेदात गळतात. माझ्यासारख्या इंजिनीअरची खोड अशी, की आधी मॅन्युअल पुढे करायचे. तो मोह आवरावा.

‘एकच बैठक’ हेही मुद्दाम. या खेळात महिनोन् महिने चालणारी मोहीम असते, तशी एका बैठकीत संपणारी गोष्टही असते. नव्या माणसाला सहा महिन्यांचे रविवार मागितले तर तो पळेल. अडीच तास मागितले तर ‘बघू’ म्हणतो. अनुभव असा, की एक बैठक झाल्यावर पुढची तोच विचारतो किंवा प्रामाणिकपणे नाही म्हणतो. दोन्ही चांगलेच.

पाच जागा कशासाठी, याचा हिशेब आहे. समजा, होकार दिलेला प्रत्येक जण दहापैकी आठ वेळा खरेच येतो. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, पण लग्न, पाळी, पाहुणे, वीज हे सगळे पाहता उदारच म्हणावेत. चौघेच घेतले आणि चौघेही आले तरच खेळायचे ठरवले, तर डाव लागण्याची शक्यता ४१ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त रविवार रिकामे. पाच घेतले आणि किमान चौघांवर खेळायचे ठरवले तर ७४ टक्के. पाच घेऊन तिघे आले तरी खेळायचेच, असा नियम केला तर ९४ टक्के. नवे टेबल बहुतेकदा कंटाळ्याने मोडत नाही. ‘सगळे आल्यावर खेळू’ म्हणून सलग तीन रविवार पुढे ढकलल्याने मोडते. तिघांवर खेळा. न आलेल्याचे पात्र त्या रात्री तापाने फणफणले आहे, असे सांगून टाका.

आणि मुली, स्त्रिया?

पहिल्या निरोपाला एकीनेही उत्तर दिले नव्हते. ग्रुपवर वर्गातल्या बारा-तेरा जणी आहेत. रात्रीची वेळ, अनोळखी आवाज, घरात एकच मोकळी खोली, ही कारणे कुणी बोलून दाखवत नाही. ‘कॅमेरा लागत नाही’ ही ओळ त्यांच्यापैकी एकीनेच सुचवली. तिने आणखी दोन गोष्टी सुचवल्या. बोलणे शक्य नसेल तेव्हा टाइप करून खेळता यावे आणि पहिल्यांदा बहीण किंवा मैत्रीण सोबत बसली तर चालावे. दोन्ही सहज जमतात. शिपाईण खेळवणारी तीच.

डावाआधी काय ठरवून घ्यायचे?

जगभरचे खेळाडू याला ‘सेशन झिरो’ म्हणतात. खेळण्याआधी अर्धा तास नुसते बोलायचे. गोष्ट हसरी की भीतीची, पात्र मेले तर चालेल का, आपसात दगाफटका चालेल का. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता विषय गोष्टीत अजिबात नको, हे प्रत्येकाने सांगायचे. कारण सांगायची सक्ती नाही. आमच्या टेबलावर एकाने सांगितले, ‘कर्ज आणि फाशी नको.’ कुणी पुढे विचारले नाही. सावकाराच्या वाड्यावरचा एक अख्खा प्रसंग मी तयार ठेवला होता, तो काढून टाकला. जातीवरून हिणवणे नको, हेही सगळ्यांनी मिळून ठरवले. मध्येच काही खटकले तर चॅटमध्ये फक्त ‘एक्स’ टाकायचा, सूत्रधार निमूट प्रसंग बदलतो. ‘एक्स-कार्ड’ नावाची ही सोय या खेळात आता सर्रास वापरली जाते. ओळखीतल्या माणसांत याची गरज काय, असे वाटू शकते. उलट ओळखीतच जास्त लागते, कारण एकमेकांची दुखरी जागा आपल्याला माहीत आहे असा आपला समज असतो.

खर्च, फोन आणि नेटचे काय?

खर्च शून्यावर आणता येतो. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या परवान्याच्या अटी कडक करण्याचा मसुदा बाहेर फुटला आणि खेळाडूंनी एवढा विरोध केला, की २७ जानेवारीला कंपनीने मूळ नियमांचा सुमारे ४०० पानांचा दस्तऐवज ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला केला. हा परवाना मागे घेता येत नाही. म्हणजे ते नियम कुणीही फुकट वापरू शकतो, मराठीत आणू शकतो, अगदी छापून विकूही शकतो. अट एकच, मूळ श्रेय द्यायचे. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिशमध्ये कंपनीनेच भाषांतरे दिली आहेत. मराठीचे काम अजून कुणाची तरी वाट पाहत आहे. आपल्याकडच्या गोष्टी या खेळात शोभतील का, अशी शंका असेल तर २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या अधिकृत पुस्तकात मिमी मंडल या बंगाली लेखिकेने बंगालच्या नदीकाठच्या मुलखावर बेतलेली गोष्ट लिहिली आहे. तापीकाठाने मागे राहायचे कारण नाही.

‘रोल२०’सारखी संकेतस्थळे नकाशा, सोंगट्या, फासे सगळे पडद्यावर देतात, पण ती लॅपटॉपवर बरी. आमच्यातल्या तिघांकडे फक्त फोन. म्हणून नकाशा डोक्यातच ठेवला. फासा गुगलवर टाकता येतो आणि खरा मणी-फासा असेल तर सरळ विश्वासावर. बोलण्यासाठी डिस्कॉर्ड. गुगल मीटची फुकट सामूहिक बैठक तासाभराने तुटते, नेमकी लढाईच्या मध्यावर. डिस्कॉर्डचा आवाज साधारण ६४ केबीपीएसने जातो, म्हणजे एका आवाजाला तासाला सुमारे २९ एमबी. अडीच तासांत दीडशे-दोनशे एमबीच्या आसपास गेले तरी रोजच्या दीड जीबीत मावतात. नेटपेक्षा वीज जास्त दगा देते. टॉवरच्या बॅटरीने मान टाकली की आवाज तुटक येऊ लागतो. त्यावर तोडगा म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप उघडा ठेवतो आणि उरलेला प्रसंग टाइप करून संपवतो. एकदा तर मुडावदच्या संगमावरची होडी पूर्ण चौदा मिनिटे नदीच्या मधोमध थांबली होती, कारण नावाड्याच्या घरचे लाइट गेले होते.

घरच्यांना काय सांगायचे?

खरे तेच आणि आधीच. अमेरिकेतही १९८० च्या दशकात या खेळावरून पालकांत मोठी भीती पसरली होती. मुले सैतानाच्या नादी लागतात, असे आरोप झाले, टीव्हीवर कार्यक्रम झाले. आपल्याकडची भीती वेगळी आणि जास्त खरी आहे. ती पैशांची आणि फसवणुकीची आहे. म्हणून खेळाडू जमवणाऱ्यानेच काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. कुणालाही एपीके फाइल पाठवू नये. यूपीआय, ओटीपी, आधार यांचा विषय कधीही येऊ नये. ‘माझा नवा गेम डाउनलोड करून बघ ना’ अशी लिंक डिस्कॉर्डवर अनोळखी माणसाने पाठवली तर ती उघडू नये. खाते पळवण्याची ही तेथली जुनी युक्ती आहे. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने फोन करावा. शाळकरी मुलांना मोठ्यांच्या डावात घेऊ नये. त्यांचा वेगळा डाव लावायचा तर पालकाला ऐकू जाईल अशा ठिकाणी, स्पीकरवर.

स्पीकरचा उपाय मोठ्यांनाही लागू पडतो. ग्रुप सोडून गेलेल्या मित्राला महिनाभराने एकट्याला फोन करून सगळे सांगितले. तो म्हणाला, ‘येतो, पण ओट्यावर बसून खेळीन, बाबांना ऐकू जाऊ दे.’ त्याचे वडील दरवर्षी सारंगखेड्याला जाणारे. पहिला अर्धा तास ते काही बोलले नाहीत. सोंगाड्या काळ्या घोड्याची किंमत पाडून पाडून घासाघीस करत होता, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, ‘आधी त्याना दात देखा!’ सूत्रधार म्हणून मला ती मदत धरावी लागली. सोंगाड्याने दोन फासे टाकले. एक पडला ४, दुसरा १७.